शंभर लिटर पाण्यातले विषाणू पाच मिलिलिटरमध्ये कसे आणायचे

डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. त्याच्या थोडं आधी यमुनेचं पात्र सरकलं होतं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत उलटं आलं होतं. धोका ओळखून क्लोरीनचं प्रमाण वाढवलं गेलं. त्यामुळे टायफॉइड, हगवण असले जिवाणूंचे आजार फारसे उसळले नाहीत. कावीळ मात्र झाली, आणि रुग्णांचा अंदाज निघाला सुमारे २९,३००. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळलं, की हा हेपॅटायटिस-ई. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीने त्याच आजाराची मोठी साथ सोसली.

जिवाणूंच्या कसोटीवर पाणी पास झालं म्हणून ते विषाणूंच्या कसोटीवर पास होईलच असं नाही, हे नव्याने या कामात येणाऱ्याने पहिल्या दिवशी मनावर कोरून घ्यावं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पाणी तपासणी प्रयोगशाळेत नव्याने रुजू होऊन ज्यांच्यासमोर पहिल्यांदाच वीस-वीस लिटरचे पाच कॅन येऊन पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एवढं पाणी कशाला?

ई. कोलाय या जिवाणूसाठी आपण १०० मिलिलिटर पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतो, पडदा जिवाणू वाढवणाऱ्या माध्यमावर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजतो. विषाणूंचं तसं नाही. ते माणसाच्या आतड्यातून येतात आणि पाण्यात वाढत नाहीत. त्यामुळे विहिरीत किंवा नळाच्या पाण्यात त्यांची संख्या इतकी विरळ असू शकते, की एका लिटरमध्ये एकही सापडू नये आणि शंभर लिटरमध्ये वीस असावेत. नोरोव्हायरससारख्या विषाणूचे थोडे कणही माणूस आजारी पाडायला पुरतात, म्हणून हे वीसही महत्त्वाचे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १६१५ क्रमांकाच्या पद्धतीत तर भूजलाचे १५०० लिटर गाळायला सांगितले आहेत. आपल्याकडच्या रोजच्या कामात ५० ते १०० लिटर झेपतात आणि शिकायलाही तेवढे पुरेत.

गाळणं आणि चिकटवणं

नवीन मुलांचा पहिला गोंधळ इथे होतो. पोलिओ, हेपॅटायटिस-ए, हेपॅटायटिस-ई यांचे कण साधारण ३० नॅनोमीटरचे. आपला नेहमीचा ०.४५ मायक्रोमीटरचा पडदा म्हणजे ४५० नॅनोमीटरची छिद्रं. कणाच्या पंधरापट मोठ्या दारातून तो सहज निघून जाईल. तरीही याच पडद्यावर विषाणू पकडण्याची पद्धत गेली कित्येक दशकं चालू आहे, कारण तिथे विषाणू अडकत नाही, चिकटतो.

नेहमीच्या पाण्यात, म्हणजे पीएच ७ च्या आसपास, आतड्यातल्या बहुतेक विषाणूंवर ऋण चार्ज असतो. गाळणी धन चार्जची असेल, उदाहरणार्थ अॅल्युमिनाचे सूक्ष्म तंतू लावलेली, तर पाण्यात काहीही न मिसळता विषाणू तिला धरतात. गाळणी ऋण चार्जची असेल, जशी सेल्युलोज एस्टरची असते, तर पाण्याचा पीएच ३.५ पर्यंत उतरवावा लागतो किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालून दोन ऋण चार्जांमध्ये पूल बांधावा लागतो. नंतर पीएच ९ ते १० च्या आसपासचा द्राव सोडला की पकड सुटते. हा द्राव बहुधा बीफ एक्स्ट्रॅक्ट आणि ग्लायसिनचा असतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम मुळातच असतं, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना ऋण चार्जचा पडदा सोयीचा पडतो.

खऱ्या अर्थाने गाळण्याचा मार्ग म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन. तिथे छिद्रं इतकी बारीक असतात, की विषाणू जाऊच शकत नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो. पीएच सांभाळायची कटकट नाही, आणि विषाणू, जिवाणू, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी सगळे एकाच गाळणीत मिळतात.

किडनीच्या रुग्णाची गाळणी

या कामासाठी जगभर जी गाळणी वापरतात ती डायलिसिसची, म्हणजे डायलायझर. रेक्सीड-२५एस हे त्यातलं बरंच रुळलेलं मॉडेल. हातभर लांबीची पारदर्शक नळकांडी, आत हजारो पोकळ तंतू उभे भरलेले, आणि सगळ्या तंतूंचं मिळून पृष्ठफळ सुमारे अडीच चौरस मीटर. तंतूंच्या भिंतीतून साधारण ३० किलोडाल्टनपेक्षा (म्हणजे ३० हजार डाल्टन; डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) मोठं काही जात नाही. पोलिओच्या विषाणूचं वजन ८० लाख डाल्टनहून जास्त आहे, म्हणजे तो सुटण्याचा प्रश्नच नाही.

नळकांडीला चार तोंडं असतात. दोन टोकांची दोन तोंडं तंतूंच्या आत उघडतात, रक्त तिथून जातं. अंगावरची दोन तोंडं तंतूंच्या बाहेरच्या जागेत उघडतात. आपण पाणी एका टोकाच्या तोंडातून आत सोडायचं, दुसऱ्या टोकाला बूच, अंगावरच्या एका तोंडालाही बूच. पाण्याला वाट एकच उरते, तंतूच्या भिंतीतून झिरपून अंगावरच्या मोकळ्या तोंडातून बाहेर. विषाणू आतच राहतात. पहिल्यांदा हातात घ्याल तेव्हा पाण्याऐवजी रंगीत सरबत सोडून बघा, पण त्यासाठी वेगळी जुनी गाळणी ठेवा. वाट एकदा डोळ्यांनी दिसली, की बूच चुकीच्या जागी लागत नाही.

हे दवाखान्यात वापरलेले डायलायझर घ्यायचे नाहीत. पाकिटबंद नवीनच हवेत, आणि एका नमुन्याला एक.

जागेवर जाण्याआधी

पेरिस्टॅल्टिक पंप, त्याच्या नळ्या, दाबमापक, मापाची खूण केलेले कॅन, बर्फाची पेटी, हातमोजे, क्लोरीन तपासायचं किट आणि क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट एवढं लागेल. ज्या नळ्या परत वापरायच्या त्या ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवा, मग थायोसल्फेटच्या द्रावाने आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने धुवा. मधली थायोसल्फेटची पायरी गाळली तर नळीत राहिलेलं क्लोरीन तुमच्याच नमुन्यातले विषाणू मारेल.

उलट्या धुलाईचा, म्हणजे गाळणीत अडकलेलं उलट दिशेने धुऊन काढायचा, द्राव आदल्या दिवशी करून ठेवा. ५०० मिलिलिटरला ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) अडीच ग्रॅम, सोडियम पॉलिफॉस्फेट ५० मिलिग्रॅम आणि फेस मारणारं अँटिफोम ५ मिलिग्रॅम, बाकी पाणी. अँटिफोम इतकं कमी थेट मोजता येत नाही. एक टक्क्याचा द्राव करून त्यातलं अर्धा मिलिलिटर घाला. ट्वीन घट्ट मधासारखं असतं, पिपेटच्या आत चिकटून राहतं. ते वजनावर घ्या, आकारमानावर नको.

पाणी गाळताना

नळाचं पाणी असेल तर आधी काही मिनिटं वाहू द्या. विंधन विहीर असेल तर पंप चालू करून पाइपमधलं साचलेलं पाणी जाऊ द्या. मग क्लोरीन तपासा. क्लोरीन असो वा नसो, मी थायोसल्फेट घालतोच, लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरला १० ग्रॅम. प्रत्येक वीस लिटरच्या कॅनमध्ये दोन ग्रॅम आधीच घालून ठेवलं, की जागेवर तराजू काढावा लागत नाही. नमुना घेतल्या क्षणी क्लोरीन थांबलं पाहिजे. नाहीतर गाडी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते काम करत राहतं आणि मग तुम्ही नळाचं पाणी तपासत नाही, दोन तास जास्त क्लोरीन खाल्लेलं पाणी तपासता.

तापमान, पीएच आणि गढूळपणा लगेच वहीत लिहा.

आधी एखादा लिटर निर्जंतुक पाणी सोडून गाळणीतली हवा काढा. गाळणी उभी धरून बोटाने टकटक करा, बुडबुडे वर येतात. मग नमुना सुरू करा. मिनिटाला दीड ते दोन लिटरचा वेग ठेवला तर शंभर लिटरला तासभर लागतो. या तासात गाळणीजवळून उठू नका. दाबमापकाचा काटा चढायला लागला, तर तंतूंवर थर बसतो आहे असं समजा आणि पंपाचा वेग कमी करा. कंपनीने दिलेल्या दाबाच्या मर्यादेपलीकडे रेटलं तर आतले तंतू तुटतात. तंतू तुटला की विषाणू बाहेर, आणि ते डोळ्यांना कळतही नाही.

पावसाळ्यातल्या नदीचं पाणी हे वेगळंच प्रकरण. जुलैमधल्या पंचगंगेचं किंवा भीमेचं चहाच्या रंगाचं पाणी शंभर लिटर जाणार नाही. अनेकांना आधी जाड गाळणीतून गाळ काढून घेण्याचा मोह होतो. तसं करू नका. विषाणू मातीच्या कणांना चिकटतात, गाळाबरोबर तेही टाकून द्याल. त्यापेक्षा वीस लिटरच गाळा आणि वहीत वीसच लिहा.

काम झालं की चारही तोंडांना बुचं लावा, गाळणी पिशवीत घाला आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. गोठवायची नाही, गोठली की तंतू जातात. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पुढची पायरी करा.

उलटी धुलाई

आता पाण्याची वाट उलटवायची. तयार केलेला द्राव अंगावरच्या तोंडातून आत सोडा, टोकाच्या तोंडातून बाटलीत गोळा करा. बाहेरून आत येणारा द्राव तंतूंच्या आतल्या भिंतीवरचा थर सोडवून आणतो. पहिले पन्नास-साठ मिलिलिटर बघण्यासारखे असतात. पाणी स्वच्छ वाटलेलं असलं तरी ते पिवळट-तपकिरी येतं. शंभर लिटरमधला सगळा बारीक मळ तिथे एकवटलेला असतो.

गाळणीत अडकलेलं पाणीही यात येतं. म्हणून ५०० मिलिलिटर सोडले तर ५३०-५४० मिळू शकतात. मिळालेलं खरं आकारमान मोजून लिहा, पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. बाटली हलवून मिसळायची ती हळू, फिरवून. जोरात हलवली तर अँटिफोम असूनही फेस होतो आणि फेसात विषाणू वाया जातात.

अर्ध्या लिटरचे पाच मिलिलिटर

आता द्रावातले विषाणू तळाशी बसवायचे. ५०० मिलिलिटरला पीईजी ८००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हे ४० ग्रॅम आणि मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ८.८ ग्रॅम. म्हणजे ८ टक्के पीईजी आणि ०.३ मोलर मीठ. मॅग्नेटिक स्टररवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मग रात्रभर ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) अर्धा तास सेंट्रिफ्यूज.

सेंट्रिफ्यूजमध्ये बाटली ठेवण्याआधी तिच्या बाहेरच्या बाजूला मार्करने रेघ मारा आणि ती रेघ रोटरच्या बाहेरच्या दिशेला येईल अशी बाटली ठेवा. स्वच्छ पाण्याचा साका कधी कधी दिसतच नाही, काचेवर श्वास सोडल्यासारखा पुसट डाग असतो. रेघ असली की साका कुठे आहे ते न दिसताही माहीत असतं. वरचा द्राव रेघेच्या विरुद्ध बाजूने ओता, आणि ५ मिलिलिटर फॉस्फेट बफर घेऊन रेघेच्या आतली भिंत पिपेटने पुन्हा पुन्हा धुवा. घाई करू नका. हा डाग म्हणजे तुमचे शंभर लिटर आहेत.

खरं गणित

आता जे सांगतो त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. किती पाणी गाळलं हा आकडा अहवालात मोठ्या अक्षरात येतो. पण पीसीआरच्या, म्हणजे विषाणूचा जनुकीय तुकडा वाढवून शोधणाऱ्या तपासणीच्या, ट्यूबमध्ये त्यातलं किती पोचलं, हा आकडा बहुतेक अहवालांत येतच नाही, आणि निष्कर्ष त्याच्यावरच अवलंबून असतो.

बघा. १०० लिटरचे ५ मिलिलिटर झाले. त्यातलं १ मिलिलिटर आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, काढायला घेतलं, म्हणजे २० लिटर. आरएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि पीसीआरच्या एका ट्यूबमध्ये ५ मायक्रोलिटर घातले. म्हणजे २० लिटरचा विसावा भाग, एक लिटर. शंभर लिटर गाळून एका ट्यूबमध्ये आपण एकच लिटर पाहिलं.

तेही सगळं परत मिळालं असं धरलं तर. परतावा शंभर टक्के कधीच नसतो. धुलाईत ४० टक्के हाती आले आणि पीईजीच्या पायरीत त्यातले ६० टक्के टिकले, तर दोन्ही मिळून २४ टक्के. म्हणजे त्या ट्यूबने पाहिलं सुमारे २४० मिलिलिटर. तीन ट्यूब लावल्या तर ७२० मिलिलिटर.

हे कळलं की कुठे सुधारायचं तेही कळतं. पाचही मिलिलिटरमधून आरएनए काढून १०० मायक्रोलिटरमध्येच उतरवला, तर एका ट्यूबमध्ये पाच लिटर येतात. आणखी चारशे लिटर गाळण्याचा घाम न गाळता पाचपट फायदा. पण पाण्यातला मळही पाचपट येतो, आणि त्याचं वेगळं दुखणं आहे. त्याच्याकडे येऊच.

परतावा कसा मोजायचा

यासाठी एमएस-२ नावाचा फाज, म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू, वापरतात. तो ई. कोलायच्या ठरावीक जातींनाच लागतो, माणसाला काही करत नाही. आकाराने पोलिओसारखाच, सुमारे २७ नॅनोमीटर, आणि मोजायला दुसऱ्या दिवशी प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या थरातले मोकळे डाग, दिसतात. भारतीय मानक आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीतही पिण्याच्या १ लिटर पाण्यात एमएस-२ फाज आढळू नये अशी अट आहे, म्हणून हा फाज पाणी प्रयोगशाळेला परका नाही.

समजा १०० लिटरमध्ये १० कोटी फाज घातले. धुलाईच्या द्रावाचं शंभरपट विरलन करून त्यातलं ०.१ मिलिलिटर ताटलीवर लावलं आणि ८० प्लाक आले. म्हणजे मिलिलिटरला ८०,०००, आणि ५०० मिलिलिटरमध्ये ४ कोटी. परतावा ४० टक्के.

ज्या नमुन्यात तुम्हाला फाजच शोधायचे आहेत, त्यात एमएस-२ घालू नका. त्याच जागेचा दुसरा नमुना घ्या आणि तो वेगळ्या नळ्यांवर, सगळ्यात शेवटी चालवा. प्रत्येक फेरीत १० लिटर निर्जंतुक पाणीही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्यात काही सापडलं, तर त्या फेरीतल्या एकाही निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

निगेटिव्ह आलं, म्हणून?

एका उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरींच्या पाण्याचे सहा नमुने होते. सहाही निगेटिव्ह आले. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. अहवाल टाइप व्हायला गेला होता. त्या दिवशी साक्याच्या ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवताना माझी नजर त्यांच्या रंगावर गेली. सहापैकी चार कोऱ्या चहासारख्या तपकिरी होत्या. तो रंग ह्युमिक आम्लांचा, कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा, आणि ही आम्लं पीसीआरचं एन्झाइम अडवतात. मी अहवाल थांबवला, चारही आरएनए दसपट पातळ करून पुन्हा लावले, आणि त्यातले दोन पॉझिटिव्ह आले. त्या दोन विहिरींचं पाणी लोक रोज पीत होते. त्या दिवसापासून मी पातळ न केलेला आणि दसपट पातळ केलेला, असे दोन्ही लावल्याशिवाय निगेटिव्ह लिहिलेलं नाही.

नियम सोपा आहे. दसपट पातळ केलं की पॉझिटिव्ह नमुन्याचा सीटी, म्हणजे पीसीआरच्या ज्या फेरीला संकेत दिसतो तो आकडा, साधारण ३.३ ने वाढायला हवा. तेवढा वाढला नाही किंवा उलट कमी झाला, तर मूळ आरएनएमध्ये अडथळा होता. पूर्ण निगेटिव्ह नमुन्यात हे कळत नाही. म्हणून आरएनएमध्ये ओळखीचा आरएनए ठरावीक प्रमाणात घालून तो अपेक्षित सीटीला दिसतो का ते बघा. पाच मिलिलिटरचा सगळा आरएनए काढण्याचा जो फायदा वर सांगितला, तो इथे तपासूनच घ्यायचा.

पॉझिटिव्ह आलं तरी सांभाळून लिहा. पीसीआर विषाणूचा जनुकीय तुकडा दाखवतो. क्लोरीनने निकामी झालेल्या विषाणूचा तुकडाही काही काळ दिसू शकतो. जिवंत आहे की नाही हे पेशींवर वाढवूनच कळतं, आणि ते काम योग्य जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेचं. आपल्या टेबलावरचा साकाही संसर्गजन्य समजूनच हाताळा. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, वापरलेला डायलायझर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

अहवालात मी हे सगळं दोन ओळींत लिहितो, तुम्हीही लिहा: "१०० लिटर पाणी गाळले. एमएस-२ चा एकूण परतावा २४ टक्के. तीन ट्यूबमध्ये मिळून प्रत्यक्ष तपासलेले पाणी सुमारे ७२० मिलिलिटर. अडथळ्याची तपासणी केली, अडथळा नाही. एवढ्या पाण्यात हेपॅटायटिस-ई चा आरएनए आढळला नाही."